अकरा क्रमांकाचा उबदार कोपरा

पिंजणीच्या तातीचा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे का? आधी एक जाड, घुमणारा ठोका आणि मग त्याच्यामागे लांबत जाणारी थरथर, जणू कुणी हवेलाच तार बांधून छेडली आहे. त्या आवाजाच्या पाठोपाठ कापसाचा वास येतो — कोरडा, किंचित तेलकट, उन्हात तापलेल्या गोणपाटाचा. डोळे मिटले की आजही मला पिंपळगाव राजातली ती अरुंद ओसरी दिसते, तिच्यात तरंगणारी पांढरी धूळ दिसते, आणि त्या धुळीत भुवयांपर्यंत पांढरे झालेले करीमचाचा दिसतात.

त्यांच्याविषयी मी पुष्कळांना सांगितले आहे. फक्त एक गोष्ट वगळून. ती मी नवऱ्याला सांगितली नाही, माझ्या मार्गदर्शकांना सांगितली नाही. ज्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी खरे आकडे आणि खोटे आकडे यांतला फरक शिकवते, त्यांना तर नाहीच नाही. तुमच्या आधी ती केवळ एका माणसाने ऐकली आहे, कारण पहिला हक्क त्याचा होता.

कुठून सुरुवात करू? कामापासून करते. ते त्यातल्या त्यात सोपे आहे.

मी चिखलीची. आई शाळेत मराठी शिकवायची आणि घरात मला कविता पाठ करायला लावायची. म्हणताना एखादा शब्द मी मनाचा घुसडला, की ती भाकरी थापता थापता पिठाचा हात वर करायची. काही बोलायची नाही, नुसता हात. बाकीच्या ओळीशी न जुळणारा शब्द कानाला कसा टोचतो, हे मी त्या हाताकडून शिकले. पुढे संगणकशास्त्रात गेले आणि बिनतारी सेन्सरच्या जाळ्यांवर संशोधन करू लागले, तेव्हा लोकांना ते कवितेपासून फार लांबचे वाटले. मला वाटले नाही. एका शिवारात वीस डब्या रोवायच्या. प्रत्येक डबी आपल्या जागेचे तापमान, हवेतली ओल मोजणार, शेजारच्या डबीला कळवणार, ती पुढच्या डबीला, असे करत सगळे आकडे शाळेच्या गच्चीवरच्या खांबापर्यंत आणि तिथून पुण्यात माझ्या पडद्यावर. विसांपैकी एक डबी भलतेच काही बोलू लागली, तर ती बिघडली आहे, की तिच्या जागी खरोखरच काही निराळे घडते आहे? हाच माझ्या पीएचडीचा प्रश्न. खोटे बोलणारी डबी ओळखणे — हीच माझी विद्या.

हे लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेले नाही.

शिवार पिंपळगाव राजाचे होते. नाल्याच्या दोन्ही अंगांनी वीस शेते, प्रत्येक शेतात एक डबी, जमिनीपासून वीतभर उंचीवर. अकरा क्रमांकाची डबी करीमचाचांच्या दोन एकरांत, नाल्याकडच्या कोपऱ्यात. शेत गावाला लागूनच. पण चाचा मुळात पिंजारी. गाद्या, उशा, रजया भरणे हा बापजाद्यांचा धंदा, शेती जोडीला. जाळ्याची देखरेख करायला गावात कुणीतरी हवे होते, आणि पहिल्याच दिवशी मी खड्डा खणत असताना चाचांनी माझ्या हातातली पहार काढून घेतली. म्हणाले, "सर बेटी बाजूले. तुह्या हाताले पेनच बरा." तेव्हापासून ती देखरेख त्यांची.

थंडीला सुरुवात झाली होती. बॅटऱ्यांची काळजी मला लागून राहिली होती. चाचांना मी सहज म्हणाले, थंडीत बॅटरी लवकर मरते हो चाचा. त्यांनी डबीकडे पाहिले, मग माझ्याकडे. पुढे दर आठवड्याला फोनवर मी विचारायची, अकरा नंबर कसा आहे? आणि ते म्हणायचे, "मजेत हाय. तुह्यावानी दुबळा नाई." मी हसायची.

काही आठवडे गेले आणि अकरा क्रमांक निराळे बोलू लागला.

रात्री सगळे शिवार गारठत जाई, एकोणीस रेषा पडद्यावर खाली उतरत आणि अकराची रेषा त्यांच्यातून अलगद सुटून वर तरंगत राही. पहाटेपर्यंत तीन-चार अंशांचा फरक. सकाळी ती पुन्हा इतरांत येऊन मिळे. माझे मार्गदर्शक म्हणाले, बिघडली आहे, वगळा. पण बिघडलेली डबी अशी वागत नाही. ती भरकटते, अडकते, बरळते. ही तर शिस्तीने जात होती आणि शिस्तीने परत येत होती. मग कुणी माणूस छेडछाड करतो आहे का? तेही मी तपासले. रेषा सुटण्याची वेळ मी रोजच्या रोज टिपली, तर ती घड्याळाला बांधलेली नव्हती. दिवस मोठा होत गेला तशी ती मिनिटा-मिनिटाने पुढे सरकत होती — थेट सूर्यास्ताबरोबर! मी लिहिले: माणसाचा हात घड्याळाने चालतो, ही घटना सूर्याने चालते, अर्थात ती नैसर्गिक आहे. नाल्याकाठच्या त्या कोपऱ्यात उबेचा एक लहानसा साठा आहे, आणि बिघाड व सत्य यांत निवाडा करणारी माझी पद्धत तो साठा ओळखू शकते.

किती सुंदर दिसत होते ते! गारठलेल्या शिवारात एकच उबदार कोपरा. मला त्याचा मोह पडला. खरेच सांगते, ते सिद्ध होण्याआधीच मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

चाचांना मी ते मोठ्या आनंदाने सांगितले. सगळ्या शिवारात तुमचाच कोपरा उबदार आहे, यंत्र म्हणते. ते म्हणाले, "माहे अब्बा हिवाळ्यात राखणीले तिथंच झोपत जात. म्हणत, इथं बरं वाटते." बस्स, आणखी काय हवे होते? मी ते वाक्यही प्रबंधाच्या मसुद्यात घातले. आणि चाचांनी ती गोष्ट सगळ्या गावात नेली. शेजारचा गजानन पाराजवळ त्यांना अडवून म्हणायचा, "करीमभाई, रात्री तुह्या कोपऱ्यात झोपाले येऊ का बे? आमच्या घरी लय थंडी हाय!" चाचा तोऱ्यात सांगत, "ये ना. मशीनले विचारून सांगतो."

शोधनिबंध छापून आला. दुसऱ्या हिवाळ्यातही रेषा तशीच सुटली, तशीच परतली. निबंधाचे कौतुक झाले. माझे नाव चार लोकांना कळले.

आता त्या सकाळकडे यावेच लागेल. किती वळसे घेतले मी!

दुसऱ्या हिवाळ्यातला जानेवारी. प्रबंध जवळपास पूर्ण झाला होता; एका छायाचित्रासाठी मला अकरा क्रमांकाची डबी दवात भिजलेली हवी होती. खामगावला मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि कुणाला न कळवता पहिल्या एसटीने पिंपळगावला उतरले. फटफटले होते, ऊन अजून यायचे होते. तुरीच्या शेंगांचा हिरवट वास, ओल्या मातीचा वास, कुठेतरी पेटलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचा धूर. मी बांधावरून त्या कोपऱ्याशी पोहोचले, आणि डबी दिसेना.

डबीच्या जागी एक रजई होती.

हातभर लांबीची, लाल कापडाची, पिवळ्या फुलांची. घोटीव टाके, चारी कडांना दुहेरी शिवण, आत ताजा पिंजलेला कापूस. वरून झाकून, कडा मातीपर्यंत सोडून, चार बाजूंना चार गोटे ठेवलेले. तान्ह्या लेकराला पांघरूण घालावे तशी माझी डबी झाकलेली. मी गुडघे टेकून रजईखाली हात घातला. आत जमिनीची ऊब होती. रात्रभर मातीतून वर आलेली, कापसाने अडवून धरलेली ऊब. मऊ, खरी, तळहाताला कळणारी.

तेवढ्यात मागून चाचांची चाहूल लागली. मला पाहून ते लहान मुलासारखे खुलले. "पाय ना बेटी, कशी झोपली हाय! तूच म्हणली व्हती, थंडीत बॅटरी मरते. मरू देतो का मी?"

रोज. मगरिबची नमाज झाली की मशिदीतून तसेच शेताकडे यायचे, डबीला पांघरूण घालायचे. सकाळी ऊन बांधावर आले की काढायचे. दोन हिवाळे. फक्त आपल्याच शेतातल्या डबीला, कारण दिवस मावळल्यावर दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवणे बरे दिसत नाही. मगरिबची वेळ सूर्यास्ताची. दिवस मोठा होतो तशी ती पुढे सरकते. माझ्या निबंधातला सगळ्यात भक्कम पुरावा — सूर्यास्ताबरोबर सरकणारी ती वेळ — म्हणजे एका माणसाचा हात होता. मी त्याला ओळखत होते, त्याच्या घरी जेवले होते, त्याची नमाजेची वेळ टाळून फोन करत होते. आणि तरी माझ्या डोक्यात ते आले नाही.

ही चूक होती. चुकीची कबुली द्यायला मी एवढे कागद वाया घालवले नसते. चूक होते. कबुली तिच्यापुढची आहे.

त्यांच्या घरी चहा पिताना शमीमचाची, त्यांच्या पत्नी, पदराने हसू दाबत म्हणाल्या, "माही रजई दोन सालापासून उसवेल हाय, तिले शिवाले ह्यायले टाईम नाई. अन् या डबीले मात्र नवीकोरी!" चाचा म्हणाले, "तुले बॅटरी नाई ना." आम्ही तिघेही हसलो. मीही हसले. हसता हसता माझ्या मनात हिशेब चालला होता की हे आणखी कुणाकुणाला ठाऊक आहे. गावाला असेल. पण गाव माझा निबंध वाचणार नव्हते, आणि माझा निबंध वाचणारे गावात येणार नव्हते.

मी ती छोटी रजई मागून घेतली. पुण्याला सगळ्यांना दाखवते, म्हणाले. ते इतके हरखले! दुसरी शिवतो म्हणाले डबीला. मी म्हणाले, नको चाचा, बॅटरी बदलून आणते, आणि डबीही उपटून पिशवीत घातली. ती मी परत कधीच रोवली नाही. रजई कुणालाही दाखवली नाही. प्रबंधात लिहिले की दुसऱ्या हिवाळ्याच्या मध्यावर अकरा क्रमांकाचा सेन्सर तांत्रिक कारणाने काढून घ्यावा लागला. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द मी तोलून घातला होता. आईचा पिठाचा हात वर झालेला मला दिसत होता, आणि मी टंकत होते.

हेही सगळे नाही. अजून एक आहे. तेच खरे.

मला पदवी मिळाली. पावसाळा सरता सरता एके दुपारी चाचांचा फोन आला. रजया भरून घेणारे आता उरले नाहीत, म्हणाले. लोक दुकानातली तयार ब्लँकेटे नेतात. नाल्याकडच्या त्या कोपऱ्यात पपई लावावी असे मनात आहे. गजानन म्हणतो, पपईला थंडी सोसत नाही, नवी झाडे जळतील. "पण मी त्याले म्हटलं, माहा कोपरा गरम हाय, मशीनमंदी निघालं हाय. तू सांग बेटी, लावू का?"

खिडकीबाहेर गुलमोहराच्या फांदीवर एक बुलबुल होता. त्याच्या शेपटीखालचा लाल ठिपका मला आजही दिसतो. एवढा वेळ मी त्याच्याकडे पाहत राहिले, म्हणजे विचार करायला मला पुरेसा वेळ मिळाला होता. एक वाक्य पुरे झाले असते. चाचा, ती ऊब तुमच्या रजईची होती. किती शब्द? सहा. त्यांनी ते हसून उडवलेही असते. पण मग त्यांनी ते गजाननला सांगितले असते, पाराजवळ सांगितले असते, आणि कधीतरी कुणी पुण्याहून तिथे गेले असते… माझी नोकरीसाठीची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. अकरा क्रमांकावरच बोलायचे होते.

मी म्हणाले, लावा.

त्या वर्षी पौषात थंडीची लाट आली. तीन-चार रात्री पुरल्या. नाल्याकाठी गारवा साचतो, आजूबाजूपेक्षा जास्तच साचतो. उरलेल्या एकोणीस डब्या मला तेच सांगत आल्या होत्या. कोवळी पाने आधी पाण्यात भिजल्यासारखी झाली, मग काळी पडली, मग देठासकट लोंबली. हे मला चाचांनीच सांगितले. तक्रार म्हणून नव्हे. मला धीर द्यायला! "तू मनाले लावून घेऊ नको," ते म्हणाले. "मशीन खोटी नाई. हवाच फिरली यंदा." मागे गजाननचा आवाज ऐकू येत होता, "करीमभाई, पपईले गरमी बाधली वाटते!" आणि चाचा फोन बाजूला धरून त्याला दरडावत होते, "चूप बस बे. शिकेल पोरगी हाय ते, तुह्यासारखी अडाणी नाई."

माझ्यासाठी ते भांडत होते. आणि मी इकडे काय करत होते? नेमणुकीच्या पत्राची घडी घालत होते.

नोकरीची बातमी कळल्यावर त्यांनी नांदुऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर रेल्वेने माझ्यासाठी मोठी रजई धाडली. मी ती पांघरते. फार उबदार आहे. किती उबदार, ते माझ्याइतके नेमके दुसरे कोण सांगू शकेल?

पुढची वर्षे तुम्ही कल्पू शकता. त्या कोपऱ्यात त्यांनी पुन्हा काही नाजूक लावले नाही, आधीसारखी तूरच. गावात थट्टा काही दिवस चालली आणि विरली. पण करीमचाचा, जे पूर्वी आभाळाकडे बघून, माती हातात घेऊन शेजाऱ्यांना पेरणीचा सल्ला द्यायचे, ते तो द्यायचे थांबले. कुणी विचारले तर म्हणायचे, मला काय कळते. हे शमीमचाचींनी मला एकदा बोलण्याच्या ओघात सांगितले. मला वाटते, पपईपेक्षा मी हे जास्त मोठे जाळले. त्यांचा स्वतःच्या हातावरचा भरवसा. आणि मी दर जुलैत वर्गात अकराची ती रेषा फळ्यावर काढत राहिले. मुले मान डोलवत राहिली. ईदेला मी फोन करत राहिले, ते माझ्या मुलीची विचारपूस करत राहिले. आमची माया खोटी नव्हती. हे मी बचाव म्हणून सांगत नाही; उलट त्यामुळेच सगळे अधिक वाईट दिसते, हे मला कळते.

शोधनिबंधाचे जे करायचे ते मी केले आहे. पत्र गेले आहे. कागद मागे घेता येतात. त्याचे जे परिणाम व्हायचे ते होतील आणि ते माझे असतील.

त्याआधी, मागच्या महिन्यात, मी नांदुऱ्याला उतरून जीपने पिंपळगावला गेले. चाचा आता शेतात फारसे जात नाहीत. एसटी थांब्याजवळ एक खोली घेतली आहे. तिथे बसून तयार उशांना खोळी शिवतात. दृष्टी अधू झाली आहे, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवतात. मला पाहून त्यांनी पोत्यावरची धूळ झटकली, बसायला जागा केली, चहावाल्याला हाक मारली. चहा येण्याआधी मी बोलायला लागले. आल्यावर थांबले असते.

मी सगळे सांगितले. आधी डबी, मग रजई, मग मगरिबची वेळ, मग छायाचित्राची सकाळ. फोन. बुलबुल नाही सांगितला. माझा तो एक शब्द सांगितला. ते ऐकताना त्यांची सुई चालू होती, मग मंदावली, मग खोळीत तशीच उभी राहिली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत मी थांबले आणि मग राहिलेले सांगितले. रागावले तर काय म्हणायचे, हसले तर काय, उठून गेले तर काय, ते सगळे मी प्रवासात मनाशी जुळवून आणले होते.

त्यांनी चष्मा काढला, खोळीच्या कडेने पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे पाहिले. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कारण जाणून घ्यायचे होते. त्यांनी विचारले,

"काऊन?"